लहान पटाची शाळा

प्रतिवर्षी आमच्या हायस्कुलात पाचवीच्या वर्गात नवी मुले दाखल होतात. त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले चाळताना अलीकडे एक गोष्ट आम्हांस प्रकर्षाने जाणवू लागली आहे. ज्या वाड्यांची व गावांची नावे पूर्वी ह्या दाखल्यांवर सात-सात, आठ-आठ वेळा येत, ती आता एखाद-दुसऱ्या वेळी येतात आणि काही नावे तर मुळीच येईनाशी झाली आहेत. गावे होती तेथेच आहेत. घरांतून चुली पेटतात, पाळणे हलतात, काजूच्या हंगामात डोंगर पूर्वीसारखेच माणसांनी गजबजतात. नाहीशी झाली आहे ती गावची प्राथमिक शाळा; निदान तिच्यातील मुलांचा आवाज तरी. ह्या घटनेकडे केवळ हळहळीने पाहून भागणार नाही, तिची कारणे शोधली पाहिजेत, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहोत.

आमच्या डोळ्यांपुढे आहे तो सत्तरी तालुका. नव्या काबिजादीतील हा डोंगराळ प्रदेश. म्हादई नदी ह्यातून वाहते; तिच्या नावाचे अभयारण्य १९९९ साली येथेच घोषित झाले. वाळपई हे तालुक्याचे ठिकाण सोडले, तर बाकीची वस्ती विरळ आहे. एक वाडा ओहोळाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, तिसरा कुळागरे ओलांडून टेकडीवर. पावसाळ्यात ह्या भागात पाऊस कोसळू लागला की चार-चार दिवस उसंत देत नाही. अशा मुलखात सहा वर्षांचे मूल किती चालणार? शिक्षण हक्क कायद्याच्या आधारे केंद्राने जी आदर्श नियमावली केली, तिच्यात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. विरळ वस्तीत एक किलोमीटरच्या आत शाळा द्यावयाची म्हणजे ती लहानच असणार. तात्पर्य, येथील शाळेचे लहानपण हा शाळेचा दोष नव्हे. तो भूगोलाचा परिणाम आहे. हा मुद्दा एकदा मनाशी पक्का केला, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

ह्या शाळा आल्या कशा, तेही थोडक्यात पाहू. पोर्तुगीज राजवटीत खेड्यांतील बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणाची सरकारला फारशी फिकीर नव्हती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर गोव्यातील लोकांनी आपल्या खटपटीने मराठी शाळा काढल्या. कोठे देवळाच्या अग्रशाळेत, कोठे एखाद्या सद्गृहस्थाच्या ओसरीवर त्या भरत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या डिसेंबरात श्री. दयानंद बांदोडकर हे पहिले मुख्यमंत्री झाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. मधल्या दहा वर्षांत त्यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडण्याचा जो सपाटा लावला, त्याची आठवण आजही म्हातारीकोतारी माणसे काढतात. इमारतींची वाट पाहत कोणी बसले नाही. मांडवात, मंदिरात, भाड्याच्या खोलीत शाळा सुरू झाल्या. कोकणातून आणि घाटावरून गुरुजी आले. गावकऱ्यांनी त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. आज ज्यांची नातवंडे आमच्या वर्गात बसतात, त्यांतील कितीतरी आजोबांनी पहिले अक्षर अशाच शाळेत गिरविले आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा ८८.७० भरले, ह्याचे मोठे श्रेय ह्या लहान शाळांना आहे.

मग आज त्यांस उतरती कळा का लागावी? आमच्या मते ह्याचे एक महत्त्वाचे कारण हिशेबात दडलेले आहे. शाळेला द्यावयाच्या पैशाचा आणि माणसांचा हिशेब आपण मुलांच्या डोक्यांवर करतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे वार्षिक अनुदान मिळते, ते दहा हजार रुपयांपासून एक लाखापर्यंत असून पटसंख्येच्या पायऱ्यांनी ठरते. ज्या शाळेचा पट अगदी लहान, तिच्या वाट्याला तळची पायरी. दहा हजार रुपये म्हणजे महिन्याला साडेआठशेही नव्हेत. त्यांतला निदान दहावा भाग स्वच्छतेसाठी राखावयाचा. उरलेल्यात खडू, नोंदवह्या, दिव्याची दुरुस्ती, नळाची तोटी, नकाशे आणि मोडके बाक! शाळेत नऊ मुले असोत की नव्वद, छपराची कौले तेवढीच लागतात. पाऊस मुले मोजून पडत नाही. विहिरीवरचा पंप नादुरुस्त झाला तर तो मुलांच्या संख्येच्या प्रमाणात नादुरुस्त होत नाही. मोठ्या शाळेत हा खर्च शेकडो मुलांवर वाटला जातो, लहान शाळेत तो नऊ मुलांच्या माथी येतो. आणि नेमका तिलाच पैसा कमी मिळतो. मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद असते हे खरे. परंतु अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा ह्यांतून ती पार पडेपर्यंत एक-दोन पावसाळे उलटून गेल्याचे आम्ही पाहिले आहे. वर्गाच्या एका कोपऱ्यात बादली ठेवून दुसऱ्या कोपऱ्यात चार इयत्ता बसविलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत.

माध्यान्ह आहाराचेही असेच. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. ही फार पुण्याची योजना आहे, ह्याबद्दल वाद नाही. गोव्यात महिलांचे स्वयंसाहाय्य गट हे अन्न शिजवून शाळांना पोहोचवितात. परंतु अन्नाचे पैसे दर मुलामागे मोजले जातात. शंभर मुलांचे जेवण एका फेरीत पोहोचविणाऱ्या गटाला जे परवडते, ते ओहोळापलीकडच्या नऊ मुलांसाठी परवडत नाही. कारण रस्ता तेवढाच आणि इंधनही तेवढेच. ह्या बायका तोटा सोसून भाजी-पाव पोहोचवितात, तो त्यांचा चांगुलपणा. पण लोकांच्या चांगुलपणावर सरकारी योजनेचा गाडा चालवावा, हे काही भूषणावह नव्हे.

शिक्षकांचा प्रश्न तर ह्याहून बिकट. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असे सांगितले आहे. तथापि लहान पटाच्या कितीतरी शाळा एकाच शिक्षकाच्या खांद्यावर उभ्या आहेत. ह्या एका माणसाने चार इयत्तांचे सर्व विषय शिकवावयाचे, हजेरी भरावयाची, आहाराची नोंद ठेवावयाची, माहितीचे तक्ते भरून पाठवावयाचे, पालकांच्या सभा घ्यावयाच्या. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत बैठक निघाली, की शेजारच्या शाळेतून कोणी मिळाला तर ठीक. नाहीतर शाळेला कुलूप. वर्षाला दोनशे दिवस व आठशे तास अध्यापन व्हावे असे हाच कायदा म्हणतो. एकशिक्षकी शाळेत दोनशे दिवस घंटा वाजते खरी. पण प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला खरे शिकविणे किती तास येते, ह्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

आता निकालाकडे वळू. लहान शाळांवरचा मुख्य आरोप हाच, की त्यांची गुणवत्ता घसरली आहे. आरोप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाच्या २०२४ च्या आकड्यांनुसार, सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी अवघी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. २०२२ साली हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, तरी चित्र समाधानकारक नाही, हे आम्हां शिक्षकांना निमूटपणे मान्य केले पाहिजे. परंतु देशाचे प्रमाण काढणे वेगळे आणि एका वाड्यावरील शाळेला टक्क्यांच्या तराजूत घालणे वेगळे. ज्या वर्गात चार मुले आहेत, तेथे एक मूल म्हणजे शेकडा पंचवीस! चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला, किंवा एकाचे आई-बाप कामासाठी दुसऱ्या गावी गेले, की शाळेचा निकाल शंभरावरून पंचाहत्तरावर येतो आणि कागदावर ती शाळा 'घसरलेली' ठरते. पुढच्या वर्षी एखादी हुशार मुलगी आली की तीच शाळा 'सुधारते'. ह्या चढउतारात शिक्षकाचे कर्तृत्व किती व दैवाचे किती, हे ठरविणार कोण?

निकालाच्या तराजूला पैशाची पारडी बांधण्याचा प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो ह्यांच्या पुढाकाराने अनुदानाची नवी संहिता आली. तिच्यानुसार दर मुलामागे चार शिलिंग हजेरीवर आणि आठ शिलिंग वाचन, लेखन व गणित ह्यांच्या परीक्षेवर मिळावयाचे. मूल एका विषयात नापास झाले, की त्या विषयाचे पैसे कापले जात. परिणाम काय झाला? शिक्षकांनी वाचनपुस्तके मुलांकडून पाठ करून घेतली. परीक्षेत येणार तेवढेच शिकविले, बाकीचे सारे विषय मागे पडले. आणि ज्या गरीब वस्तीतील शाळांना पैशाची सर्वांत अधिक निकड, त्यांचेच अनुदान सर्वांत अधिक कापले गेले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळानिरीक्षक होते. त्यांनी ह्या पद्धतीला सतत विरोध केला. अखेर ते शतक संपण्यापूर्वी ती मोडीत निघाली. आपल्याकडे मुंबई व मद्रास इलाख्यांतही ती काही काळ चालली होती. आज आपल्या येथे असा नियम कोणी केलेला नाही. परंतु 'पट कमी, निकाल कमी; सबब शाळा बंद' हा विचार त्याच कुळातला आहे. रोग्याचे वजन घटले म्हणून त्याचे अन्न तोडावे, अशातला हा प्रकार!

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. नऊ मुलांसाठी एक इमारत व दोन शिक्षकांचे वेतन ही चैन नव्हे काय? तोच पैसा एका मोठ्या शाळेवर खर्च करून ग्रंथालय, क्रीडांगण, संगणक अशा सोयी सर्वांना का देऊ नयेत? शिवाय चार मुलांच्या वर्गात चुरस नाही, खेळायला गडी नाहीत. हे म्हणणे आम्ही धुडकावून लावीत नाही. दोन शाळा हाकेच्या अंतरावर असतील आणि मध्ये वाहता ओहोळ नसेल, तर त्या एकत्र करण्यास आमची हरकत नाही. परंतु बहुतेक वेळी शाळेला कुलूप आधी लागते आणि गाडीचे आश्वासन मागाहून येते. मग धनगर वस्तीवरील किंवा टेकडीवरील मुलांनी, विशेषतः मुलींनी, काय करावे? मोठ्या शाळेत जे वाचले असे वाटते, त्याचा बोजा ह्या मुलांच्या पायांवर आणि त्यांच्या आयांच्या मजुरीवर पडतो. सरकारी जमाखर्चात तो दिसत नाही इतकेच.

पैसा नाही ही सबब तर फार जुनी आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात मांडले, तेव्हाही पैशाचीच अडचण पुढे करण्यात आली आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्याच सुमारास बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज मात्र ही गोष्ट करून दाखवीत होते. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ साली ती योजना साऱ्या संस्थानास लागू केली. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सहा भाग शिक्षणावर खर्च व्हावा असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच आकडा पुन्हा आला आहे. जो आकडा अर्धे शतक उलटूनही नव्याने लिहावा लागतो, तो अद्याप कागदावरच आहे हे सांगणे न लगे.

तथापि सारा दोष सरकारच्या पदरी बांधून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. पट का घटतो? एक तर जन्मच कमी झाले आहेत. दुसरे, गळती पहिलीत सुरू होत नाही, शिशुवर्गात होते. तीन वर्षांचे मूल गावाबाहेरच्या खासगी शिशुवर्गात गेले, की ते त्याच संस्थेच्या पहिलीत जाते. गावच्या शाळेच्या पायरीला त्याचे पाय लागतच नाहीत. अनुदानित संस्थांना 'बालरथ' लाभले. ते वाहन मुलांना घेऊन गावच्या सरकारी शाळेवरूनच पुढे जाते. तिसरे, माध्यमाचा प्रश्न. १९९० साली मातृभाषेतून वा प्रादेशिक भाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले; २०११ साली ते इंग्रजी माध्यमासही देण्याचा निर्णय झाला. त्यावरून गोव्यात केवढा गदारोळ उठला, हे सर्वश्रुत आहे. आमची घरची भाषा कोंकणी, शिकविण्याची मराठी. पहिलीतले मूल 'उदक' म्हणत येते आणि आम्ही त्याला 'पाणी' लिहावयास शिकवितो. ह्या दोन शब्दांमधले अंतर चार पावलांचे आहे आणि प्रेमळ शिक्षक ते मूल कडेवर घेऊन ओलांडतो. म्हणून आम्हांला वाटते, भाषेचा वाद जरूर व्हावा, पण त्या वादात छपराची गळती विसरली जाऊ नये. पालकाने पाठ फिरविली ती नेहमी भाषेवर रागावून नव्हे. एकच शिक्षक, मोडका बाक आणि बंद दार पाहून त्याने पुष्कळदा पाठ फिरविली आहे.

आणि आम्ही शिक्षक? आमच्यापैकी कितीजणांची मुले सरकारी प्राथमिक शाळेत जातात? उत्तर प्रदेशातील शाळांची दशा पाहून अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली, सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, असा आदेश दिला होता. तो वाचताना आम्हांस मान खाली घालावी लागली. जी पंगत आपण वाढतो, तिच्यात आपण बसत नाही, हे पालकांना दिसत नाही असे थोडेच आहे!

असो. केवळ तक्रार करून थांबणे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, पट कितीही लहान असला तरी शाळा चालू ठेवावयाची तर तिचे एक किमान अनुदान ठरवावे. ते डोक्यांवर नव्हे, इमारत, अंतर व पाऊस ह्यांवर मोजावे आणि पट वाढेल तसे त्यात भर घालावी. दुसरी, कायद्याने सांगितलेला दुसरा शिक्षक प्रत्येक शाळेला खरोखर मिळावा, आणि एकाच खोलीत अनेक इयत्ता शिकविण्याचे खास शिक्षण त्या दोघांना द्यावे. शेजारच्या कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नली-कली' ही पद्धती सुरू झाली. तिच्यात निरनिराळ्या इयत्तांची मुले गटागटाने, आपापल्या गतीने शिकतात. लहान पट हा तेथे अडथळा ठरत नाही, उलट सोय ठरतो. तिसरी, शाळेची परीक्षा टक्क्यांनी न घेता प्रत्येक मुलाच्या प्रगतीने घ्यावी: हे मूल जूनमध्ये कोठे होते आणि मार्चमध्ये कोठे पोहोचले? नऊ मुलांच्या शाळेत हे नऊ ओळींत लिहिता येते. चौथी, गावची अंगणवाडी व गावची शाळा एकमेकींस जोडाव्यात. आणि जेथे एकत्रीकरण अटळ असेल, तेथे गाडी आधी दारात उभी राहावी, कुलूप मागाहून लागावे.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही म्हणाल, अनुदानाच्या ह्या गोष्टी आम्हांला कशाला? तुमच्यापैकी निम्म्याहून अधिक मुले अशाच लहान शाळांतून आली आहेत, म्हणून. तुमच्यातील जो आज सुंदर निबंध लिहितो, त्याचा हात धरून कोणी एका बाईंनी एकाच वेळी दुसऱ्या इयत्तेवर डोळा ठेवीत 'अ' काढून घेतला होता. सुट्टीत एकदा त्या शाळेकडे जा. शनिवारी सकाळी तासभर बसून दोन मुलांकडून वाचून घ्या. घरी पडून असलेली गोष्टींची पुस्तके तेथे नेऊन द्या. ग्रामसभेत शाळेच्या दुरुस्तीचा विषय निघाला तर वडिलांना जाऊन बोलावयास सांगा. आणि निघत नसेल तर काढावयास सांगा. सरकारचे काम सरकारने केलेच पाहिजे. पण ज्या शाळेविषयी गावात कोणी बोलत नाही, तिच्याविषयी कचेरीत तरी कोण बोलणार?

पुढील वर्षीही पाचवीच्या प्रवेशाचे दाखले आमच्या टेबलावर येतील. जी नावे अजून शिल्लक आहेत, ती त्यांवर पुन्हा दिसावीत, एवढीच आमची इच्छा. एका वाड्यावरून एकच मूल आले तरी चालेल. ते आपल्या पायांनी, आपल्या गावच्या शाळेतून, वाचता-लिहिता येऊन आलेले असावे.